रकान्याचं नाव बदलताना: एका पद्धतीची समीक्षा

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की सर आता जिल्ह्यांच्या नामांतरावर बोलणार. उस्मानाबादचं धाराशिव, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर. तो विषय घेतला असता तर सभागृह अजून भरलं असतं. (हशा) मी बोलणार आहे ते फार लहान नामांतराबद्दल. संगणकातल्या तक्त्यात एका रकान्याचं नाव बदलायचं असतं, त्याबद्दल. त्यासाठी एक पद्धत लिहिलेली आहे, जगभर रोज असंख्य लोक ती वापरतात, आणि तिच्या रचनेत मला एक दोष दिसतो. आज त्या दोषाची समीक्षा करायची आहे.

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं यात का पडावं? नाव आणि नावानं दाखवलेली वस्तू यांचा संबंध काय, हा प्रश्न आमच्याच घरचा आहे, म्हणून. आणि दुसरं कारण असं, की या दोषाचा फटका मी डोळ्यांनी पाहिलाय. ते आधी सांगतो.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णेला पूर आला, तो तुम्हां सगळ्यांना आठवतोय. पाणी ओसरल्यावर काही कॉलेजची मुलं गावोगाव जाऊन पिकांच्या नुकसानीची माहिती गोळा करत होती. गावाचं नाव, बुडालेलं क्षेत्र, शेतकऱ्यांची संख्या, असे साधे रकाने. करवीरच्या गावांची एक फाइल, शिरोळच्या गावांची दुसरी. मी तिथे वयानं मोठा म्हणून नुसता बसलेलो. एका मुलानं दोन्ही फायली संगणकावर जोडल्या आणि एकूण शेतकरी किती याची बेरीज काढली. आकडा आला, कुठेही चूक दाखवली गेली नाही. आणि शिरोळकडची एक मुलगी म्हणाली, “हा आकडा एवढाच कसा? आमच्या गावांतले शेतकरी कुठं गेले?”

शोधायला तासभर गेला. झालं होतं ते असं. ‘शेतकऱ्यांची संख्या’ हे लांबलचक नाव बदलून त्या मुलानं दोन्ही फायलींत नुसतं ‘शेतकरी’ असं ठेवायला सांगितलं होतं. करवीरच्या फाइलमध्ये नाव बदललं. शिरोळच्या फाइलमध्ये बदललंच नाही. जोडलेल्या तक्त्यात त्यामुळे दोन वेगळे रकाने तयार झाले, ‘शेतकरी’ आणि ‘शेतकऱ्यांची संख्या’. पहिल्यात शिरोळच्या ओळी रिकाम्या, दुसऱ्यात करवीरच्या. बेरीज घेतली ‘शेतकरी’ या रकान्याची, आणि बेरीज करताना रिकाम्या जागा गुपचूप वगळायच्या हा तिथला नेहमीचा नियम. म्हणजे हिशेब चोख होता, पण तो एकाच तालुक्याचा होता. दुसरा अख्खा तालुका गळाला आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

आता शिरोळच्या फाइलमध्ये नाव का बदललं नाही? पडद्यावर दोन्हीकडे ‘शेतकऱ्यांची संख्या’ अगदी सारखंच दिसत होतं. हा खास मराठीचा प्रश्न आहे, म्हणून नीट सांगतो. ‘ऱ्या’मधला अर्धा र आपल्याला हवाच असतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत फरक आहे, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक आहे. संगणकाच्या युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक न दिसणारं चिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. दोन्ही तऱ्हा पडद्यावर एकच आकार दाखवतात. माणसाला एक शब्द दिसतो, यंत्राला दोन. शेतकऱ्यांची, गुऱ्हाळांची, कऱ्हाडची, वाऱ्याचा वेग, असलं कुठलंही शीर्षक घ्या, हा धोका आहेच. एका मुलाचा कीबोर्ड एक तऱ्हा टाइप करत होता, दुसऱ्याचा दुसरी.

टाइप करणाऱ्यांची यात काही चूक नाही. दोन्ही लेखनं चालतात. माझा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. यंत्राला सांगितलं होतं, ‘या नावाचा रकाना घे आणि त्याला हे नवीन नाव दे.’ त्या नावाचा रकाना यंत्राला सापडला नाही. मग ते गप्प का बसलं?

आता त्या पद्धतीकडे येऊ. पायथॉन या भाषेत पँडाज नावाचं ग्रंथालय आहे. ग्रंथालय म्हणजे पुस्तकांचं नव्हे, दुसऱ्यांना वापरता येतील अशा तयार आज्ञांचा संच. वेस मॅकिनी यांनी २००८मध्ये ते लिहायला घेतलं. त्यात तक्त्याला डेटाफ्रेम म्हणतात. आडव्या ओळी, उभे रकाने, प्रत्येक रकान्याला नाव. आपल्या खतावणीसारखं समजा. नाव बदलण्याच्या पद्धतीचं नाव ‘रिनेम’. तिला एक जोडीपत्रक द्यायचं: हे जुनं, हे नवं. ती तक्ता पाहते, जुनी नावं सापडतील तिथे नवी लावते, आणि बदललेला तक्ता परत देतो. मूळ तक्ता, तुम्ही वेगळं सांगितलं नाहीत तर, तसाच राहतो.

अशी पद्धत रचायला बसलं की रचनाकारापुढे काही प्रश्न येतात. वरवर किरकोळ वाटतात, पण प्रत्येकामागे नावाबद्दलची एक भूमिका असते.

पहिला प्रश्न, रकाना ओळखायचा कशानं? नावानं की जागेनं? पँडाजमध्ये जागेनंही नावं देता येतात, सगळ्या रकान्यांची नवीन यादी एकदम लावून टाकायची. पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना पाणिनीचा यथासंख्य नियम आठवेल. दोन याद्या समान संख्येच्या असतील तर जोड्या क्रमानं लावायच्या. पँडाजही तेच म्हणतं, आणि यादी एकानं जरी कमीजास्त झाली तर काम थांबवून चूक सांगतं. म्हणजे बोलायचं कसं हे या ग्रंथालयाला माहीत आहे. पण यथासंख्यात धोका असा, की कुणी मध्येच दोन रकान्यांची अदलाबदल केली तर संख्या जुळते आणि नावं चुकीच्या माणसांना चिकटतात. म्हणून नावानं ओळखणं बरं. रिनेम नावानं ओळखते, हा तिचा मोठा गुण आहे.

दुसरा प्रश्न, आधी काय बोलायचं, जुनं की नवं? पँडाजमध्ये जुनं आधी. आर नावाच्या भाषेत हॅडली विकम यांचं डीप्लायर आहे, तिथे नवं आधी: नवं बरोबर जुनं. शिकणारी पोरं इथे हमखास गोंधळतात. पाणिनीकडेही हा प्रश्न आहे. साधारण रीत अशी, की ज्याला नाव द्यायचं ते आधी सांगायचं आणि मग नाव. पण अष्टाध्यायीच्या अगदी पहिल्या सूत्रात उलटं आहे, ‘वृद्धि’ हे नाव आधी आणि ज्यांना ते दिलं ते आ, ऐ, औ नंतर. पतंजलींनी त्यावर म्हटलं, की ग्रंथाच्या आरंभी मंगल शब्द यावा म्हणून आचार्यांचा हा अपवाद खपवून घ्या. म्हणजे क्रमाला दोन बाजू आहेत, आणि एक बाजू घेतली की ती पाळायची. इथे दोघांपैकी कुणाला दोष देणार नाही मी.

तिसरा प्रश्न, नाव बदललं की रकान्याचं काय होतं? पाणिनीच्या भाषेत, जुनं नाव स्थानी, नवं नाव आदेश. आदेश स्थानीसारखाच वागतो, मूळ अक्षरांवर अवलंबून असलेली कार्यं सोडून. रकान्याचंही तंतोतंत तसंच आहे. आतले आकडे, त्यांची बेरीज, सरासरी, सगळं पहिल्यासारखं चालतं. फक्त ज्या आज्ञा जुन्या नावाच्या अक्षरांना धरून लिहिल्या असतील त्या मोडतात. म्हणून नामांतर हे वाटतं तितकं वरवरचं काम नाही. नंतरच्या प्रत्येक आज्ञेला त्यावर विसंबून राहायचं असतं.

आणि चौथा प्रश्न, ज्याच्यासाठी आपण जमलो आहोत. जुनं नाव सापडलंच नाही तर?

पँडाजचं उत्तर: दुर्लक्ष करा. २०१९च्या जुलैपर्यंत तर दुसरं उत्तर उपलब्धच नव्हतं. त्या महिन्यात आलेल्या ०.२५ या आवृत्तीत ‘एरर्स’ नावाची एक सोय जोडली गेली. तिथे ‘रेज’ असं लिहिलं तर नाव न सापडल्यास काम थांबतं आणि चूक दाखवली जाते. पण तुम्ही काहीच लिहिलं नाहीत तर धरलं जातं ‘इग्नोर’, दुर्लक्ष. पुराच्या महिनाभर आधी सोय आली होती बघा. पण ती मागावी लागते, आणि धोका आहे हे ज्याला माहीत नाही तो मागणार कसा?

अजून एक गंमत सांगतो. जोडीपत्रक देताना ‘रकान्यांसाठी’ असं स्पष्ट सांगायचं राहिलं, तर पँडाज ती नावं आडव्या ओळींच्या शीर्षकांत शोधतं. तिथे ती नसतातच. मग परत दुर्लक्ष, परत शांतता. नवशिका माणूस आज्ञा देतो, काही होत नाही, आणि आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून डोकं खाजवत बसतो.

याला दोष का म्हणायचं? ‘या नावाचा रकाना घे’ असं म्हणताना मी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की तो इथे आहे. फ्रान्सला आज राजा नाही. मग त्या राजाला टक्कल आहे असं कुणी म्हटलं तर काय समजायचं? रसेलनं १९०५मध्ये म्हटलं, विधान खोटं आहे. स्ट्रॉसननं १९५०मध्ये म्हटलं, खऱ्याखोट्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण गृहीतच कोसळलंय. दोघांचं भांडण प्रसिद्ध आहे. पण विधान व्यवस्थित पार पडलं असं दोघांपैकी एकानंही म्हटलं नाही! (हशा) पँडाज मात्र तक्ता हातात देतं आणि काम झालं असं भासवतं.

आपल्याकडे याहून उपयोगी विचार झालाय. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती वेदान्ती अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. टेबलावर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही हे ज्ञान होतं. मात्र अट अशी, की घडा असता तर दिसला असता. अंधारात दिसला नाही तर त्यातून काही सिद्ध होत नाही. आता पाहा, संगणकाला अंधार नाही. त्यानं सगळी शीर्षकं एकेक करून तपासलेली असतात. नाव असतं तर सापडलंच असतं. म्हणजे ‘सापडलं नाही’ हे त्याच्या हातातलं पक्कं ज्ञान आहे. अंधारात आहोत ते आपण, कारण न दिसणारं चिन्ह आपल्याला दिसत नाही. ज्याला दिसतं त्यानं न दिसणाऱ्याला सांगायला नको? पँडाज ते ज्ञान मिळवतं आणि टाकून देतं.

आता पूर्वपक्ष. तो मी दुबळा करून मांडणार नाही, कारण त्यात दम आहे. समजा तुमच्याकडे २०१५ ते २०२५ अशा दहा-अकरा वर्षांच्या फायली आहेत, प्रत्येक जिल्ह्याचा एक रकाना. जुन्या फायलींत ‘उस्मानाबाद’, नव्यांत ‘धाराशिव’. तुम्ही एकच जोडीपत्रक सगळ्यांवर फिरवता. नव्या फायलींत ‘उस्मानाबाद’ सापडणार नाही हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. तिथे यंत्रानं दरवेळी आरडाओरडा करून काम थांबवलं तर माणूस वैतागेल. शिवाय कितीतरी वर्षांच्या आज्ञावल्या या शांततेवर उभ्या आहेत. उद्या नियम उलटा केला तर चालू असलेली कामं बंद पडतील. हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत.

पण पहिल्या मुद्द्यातून निघतं एवढंच, की दुर्लक्षाची सोय असावी. न मागता ती मिळावी, हे त्यातून निघत नाही. डीप्लायरमध्ये जुनं नाव नसेल तर काम थांबतं. आणि धाराशिवसारखी परिस्थिती असेल तर तुम्ही जोडीपत्रकाभोवती ‘एनी ऑफ’ असं लिहायचं, म्हणजे ‘यांतली असतील तेवढी’. नंतर आलेल्या पोलर्स या ग्रंथालयातही आता न मागता मिळतो तो कडक नियम, आणि सैल नियम हवा असेल तर तसं लिहून द्यावं लागतं. फरक लक्षात घ्या. तिथे सैलपणा हा लिहिणाऱ्यानं उच्चारलेला निर्णय होतो. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी ती ओळ वाचली तर त्याला कळतं, इथे नाव नसण्याची शक्यता धरली होती. पँडाजमध्ये त्या मुलाची ओळ वाचून तुम्ही सांगू शकत नाही, त्यानं ही शक्यता विचारात घेतली होती की त्याच्या गावीही नव्हती.

दुसरा मुद्दा, जुन्या आज्ञावल्यांचा. तो खरा आहे, पण तो रचनेचं समर्थन करत नाही. चूक आता महाग झाली आहे, एवढंच तो सांगतो. आणि निदान इशारा द्यायला कुणाची हरकत असावी? काम थांबवू नका, पण एक ओळ छापा: हे नाव सापडलं नाही.

यावर आपल्या मातीतला एक नमुना आहे, तो या रचनाकारांना दाखवावासा वाटतो. सातबारा. गाव नमुना ७ आणि १२ मिळून सातबारा, हे तुम्हाला माहीत आहे. त्यावर नाव बदलायचं तर फेरफार लागतो. त्याची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५०. तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो नोंद धरतो, संबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवतो. हरकत आली तर ती ६-अ या वेगळ्या नोंदवहीत जाते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि मग हस्तलिखित सातबाऱ्यावर काय करत? जुनं नाव खोडत नसत. त्याला कंस करत, आणि नव्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक लिहीत. पन्नास वर्षांनी नातू आला तरी त्याला दिसतं, इथे आधी कोण होतं आणि कुठल्या नोंदीनं गेलं.

चावडीवर सगळं आलबेल असतं असं मी म्हणत नाही. तिथे खेटे घातलेली माणसं इथेही बसली असतील. (हशा) मी बोलतोय रचनेबद्दल. त्या रचनेनं तीन गोष्टी ओळखल्या होत्या. ज्याच्या नावाला कंस करायचा तो उताऱ्यावर असला पाहिजे. नसेल तर नोंद पुढे जाता कामा नये. आणि बदलाची खूण मागे राहिली पाहिजे. शिवाय कलम १५५ वेगळं आहे, ते लेखनप्रमाद दुरुस्त करायला. हक्क बदलणं वेगळं आणि शुद्धलेखन दुरुस्त करणं वेगळं, हा भेदही तिथे केलाय. रिनेममध्ये दोन्ही एकाच खिडकीवर होतात.

मला विचाराल तर पद्धत अशी असावी. नाव सापडलं नाही तर थांबावं, आणि नुसतं ‘सापडलं नाही’ म्हणून मोकळं होऊ नये. पँडाजला ‘रेज’ सांगितलं तर ते काय सापडलं नाही ते सांगतं, पण तक्त्यात काय आहे ते दाखवत नाही. आमच्या त्या मुलाला असा संदेश मिळाला असता तर तो म्हणाला असता, समोर तर दिसतंय, यंत्र खोटं बोलतंय. म्हणून उपलब्ध नावं दाखवावीत, आणि दिसायला सारखं पण अक्षरांनी वेगळं असं काही असेल तर तेही. नवं नाव आधीच दुसऱ्या रकान्याला असेल तरी थांबावं. पँडाज तिथेही गप्प राहून एकाच नावाचे दोन रकाने करून ठेवतं. गावात एकाच नावाचे दोन खातेदार असले तर आपण खाते क्रमांक पाहतो, इथे तसं काही नाही. आणि सैलपणा हवा असेल त्यानं तो तोंडानं मागावा.

न मागता जे मिळतं ते कुणाच्या वाट्याला येतं, याचा विचार रचनाकारानं करावा, एवढंच माझं म्हणणं आहे. जाणकार माणूस सोय शोधून काढतो. नवशिक्याला, घाईत असलेल्याला, आणि इंग्रजीबाहेरच्या लिपीत काम करणाऱ्याला जे समोर येईल तेच मिळतं. त्या दिवशी शिरोळची ती मुलगी तिथे नसती तर तो आकडा तसाच पुढे गेला असता.

(श्रोत्यांतून प्रश्न: सर, मग यंत्रानं दोन्ही तऱ्हांचा अर्धा र एकच धरावा, अशी सोय का नको? प्रश्नच मिटेल.)

चांगला प्रश्न आहे. युनिकोडमध्ये लेखन एकसारखं करून घेण्याच्या ठरलेल्या रीती आहेत, पण त्या या दोन तऱ्हांना एक करत नाहीत. आपल्याला आपली वेगळी पायरी लिहावी लागते, आणि मराठीत काम करणाऱ्यानं ती लिहावीच. फायली जोडण्याआधी सगळी शीर्षकं एका तऱ्हेत आणायची. पण ती पायरी वेगळी, उघड असावी. नाव बदलणाऱ्या पद्धतीनं स्वतःच अंदाज करून ‘तुम्हाला हेच म्हणायचं असेल’ असं ठरवू नये. आज ती दोन अर्धे र एक धरेल, उद्या ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक धरेल. तलाठ्यानं अंदाजानं नाव लावलेलं आपल्याला चालत नाही. त्यानं विचारावं, आपण सांगावं.

वेळ झाली.